फक्त जोडायचं राहिलंय

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या माणसाची पहिली अडचण अशी, की त्याच्या विषयात अवघड असं काही दिसतच नाही. शेजारच्या वर्गात गणिताचे सर फळा भरून चिन्हं काढतात. मुलं घाबरतात, आणि घाबरलेली मुलं वही उघडतात. अल्गोरिदम शिकवणाऱ्या मॅडमना तर मुलं कॉरिडॉरमध्येसुद्धा वाट करून देतात. माझ्या तासाला मी काय सांगते? "काम सुरू करण्याआधी काय हवंय ते विचारून घ्या. एकमेकांशी बोला. केलेलं तपासून बघा. लिहून ठेवा." मुलांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं, की हे तर आम्हाला घरीही ऐकवतात, त्याला चार क्रेडिट कशाला?

खरं म्हणजे हा विषय जन्मालाच आला तो वैतागातून. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या पुढाकारानं एक परिषद भरली. मोठी सॉफ्टवेअर वेळेवर होत नाहीत, ठरलेल्या पैशात होत नाहीत, आणि झाली तर चालत नाहीत, या दुखण्यावर तिथं मंडळी बोलली. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव मुद्दाम डिवचण्यासाठी निवडलं होतं. बाकीचे इंजिनिअर शिस्तीनं काम करतात, तुम्हीच का नाही, असा त्यातला टोमणा. अर्धशतक उलटलं. टोमणा अजून लागू आहे, फक्त आता त्याला अंतर्गत गुण असतात.

सुरुवातीच्या तासांना मी वॉटरफॉल शिकवते, म्हणजे शिकवावाच लागतो. गरजा, आराखडा, कोडिंग, चाचणी, देखभाल अशा सॉफ्टवेअर बनवायच्या, धबधब्यासारख्या एकीखाली एक पायऱ्या. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी एका लेखात हे चित्र काढलं आणि त्याच लेखात पुढं बजावलं, की हे असंच्या असं करायला जाल तर फसाल. जगानं चित्र ठेवून घेतलं, पुढचं वाचलं नाही. (पुढचं न वाचण्याची परंपरा माझ्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली नाही, एवढं तरी त्यांच्या बाजूनं म्हटलं पाहिजे.) परीक्षेत हे चित्र मोठं देखणं येतं. पट्टीनं आखलेल्या पायऱ्या, बाणांना सावली. एका उत्तरपत्रिकेत तर पाणी निळ्या पेन्सिलीनं रंगवलं होतं आणि तळाशी तुषार उडत होते. पूर्ण गुण देण्यावाचून गत्यंतर नव्हतं, 'देखभाल' या पायरीवर एक मासा होता तरी.

खरा विषय सुरू होतो तो गट पाडायच्या दिवशी. चौघांचा एक गट. गट मी पाडले तर अन्याय होतो, मुलांनी पाडले तर मैत्र्या तुटतात, म्हणून मी अन्यायाच्या बाजूनं असते. यादी लागली की दारात रांग लागते.

"मॅडम, आमच्या गटात तो आहे."

"मग?"

"नाही, म्हणजे... तो आहे."

यापुढं काही बोलायचं नसतं, नुसतं माझ्याकडे बघायचं असतं. मी यादीकडे बघते. थोड्या वेळानं 'तो' स्वतः येतो आणि सांगतो, "मॅडम, आमच्या गटात कुणालाच काही येत नाही."

ब्रूस टकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६५ साली गटाच्या आयुष्याच्या चार अवस्था सांगितल्या. एकत्र येणं, भांडणं, घडी बसणं आणि मग काम होणं. आमच्याकडे पहिली अवस्था यादी लागल्यापासून जिन्यापर्यंत टिकते. दुसरी सेमिस्टरभर चालते. तिसरी आणि चौथी सबमिशनच्या आदल्या रात्री एकदम उरकून घेतात.

प्रत्येक गटात एक असा असतो की ज्याला दुसऱ्या कुणाचाच कोड पसंत पडत नाही, म्हणून तो सगळं स्वतःच लिहितो आणि मग सगळं मलाच करावं लागतं म्हणून कुढतो. एकीनं पहिल्याच बैठकीत "पीपीटी मी करते" असं जाहीर करून टाकलेलं असतं, आणि हे वाक्य जो आधी उच्चारतो त्याचं सेमिस्टर सुखाचं जातं. तिसरा प्रत्येक गोष्टीला "हो हो, करतो" म्हणतो. चौथ्याचं अस्तित्व फोन नंबरावरून सिद्ध होतं. मॅक्स रिंगलमन या फ्रेंच शेतकी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. १९१३ साली ते निष्कर्ष छापून आले. ओढणारे वाढवले की एकूण जोर वाढतो, पण माणशी जोर कमी कमी होत जातो. मला रिंगलमनचा हेवा वाटतो. त्याच्या दोराला हात लावायला माणसं निदान हजर होती.

प्रोजेक्टचा विषय निवडायची मी पूर्वी पूर्ण मोकळीक द्यायची, आणि मुलं अगदी मोकळेपणानं 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' निवडायची. हा प्रोजेक्ट मुळात कुणी लिहिला हे आता शोधणं अशक्य आहे. तो एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे वारसाहक्कानं येतो, आणि प्रत्येक बॅच त्यात आपल्या परीनं भर घालते, म्हणजे मुखपृष्ठावरची नावं बदलते. शेवटी मी म्हटलं, ठीक आहे, तुम्हाला लायब्ररीच हवी ना? सगळ्यांना लायब्ररीच. पण गिऱ्हाईक खरं. मी आमच्या ग्रंथपालांना विनंती केली की मुलांना जरा वेळ द्या, तुम्हाला काय हवंय ते सांगा. ते म्हणाले, "मला कुणी असं विचारलंच नव्हतं आजवर." तेव्हाच मला अंदाज यायला हवा होता, असं मुलांचं मत आहे.

मुलं तयारीनिशी गेली. आकृतीत पुस्तकासाठी दोन चौकोन होते, 'उपलब्ध' आणि 'दिलेलं'. ग्रंथपालांनी आकृती नीट पाहिली, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिली.

"पुस्तक परत आलं, पण भिजून आलं. कुठं टाकू?"

"सर, उपलब्ध."

"उपलब्ध कसं? उघडतच नाही ते."

"मग... दिलेलं."

"कुणाला दिलेलं? माझ्याच टेबलावर वाळत पडलंय."

एकीनं गुपचूप तिसरा चौकोन काढला, 'भिजलेलं'. ग्रंथपाल म्हणाले, "छान. आता हे बांधणीला गेलंय." चौथा चौकोन. "हे कपाटात आहे, पण कपाटाची किल्ली निवृत्त झालेल्या माणसाकडे राहिलीय." पाचवा. "एकाच पुस्तकाच्या तीन प्रती आहेत. त्यातल्या एकीवर लेखकाची सही आहे, ती कुणालाही द्यायची नाही. प्राचार्यांनी मागितली तर द्यायची."

"प्राचार्यांना किती दिवस, सर?"

"प्राचार्यांना दिवस विचारायचे नसतात."

"आणि उशीर झाला तर दंड?"

ग्रंथपालांनी त्या मुलाकडे ज्या मायेनं पाहिलं, ती माया मला अजून आठवते. मुलं बाहेर आली तेव्हा वहीचं पान संपलेलं होतं आणि समासात चौकोन सुरू झाले होते. गटप्रमुख माझ्याकडे आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "मॅडम, क्लायंट बदलून मिळेल का?"

क्लायंटला काय हवंय तेच माहीत नसतं, असं या धंद्यात सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. त्या माणसाला काय हवंय ते पक्कं माहीत होतं. ते चौकोनात मावत नव्हतं, एवढंच.

मग कामाचा अंदाज. कुठलंही काम किती दिवसांचं असं विचारलं तर विद्यार्थी "दोन दिवस" म्हणतो. लॉगिनचा पडदा दोन दिवस, संपूर्ण डेटाबेस दोन दिवस, राहिलेलं सगळं दोन दिवस. यावर उपाय म्हणून मी पत्ते आणते. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ साली काढलेली ही युक्ती, प्लॅनिंग पोकर. १, २, ३, ५, ८, १३ असे आकडे असलेले पत्ते, प्रत्येकानं आपला अंदाज पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा, म्हणजे मोठ्या आवाजाच्या माणसाचा आकडा बाकीच्यांना ओढून नेत नाही. एका गटात 'लॉगिन'वर एकानं १ लावला आणि एकीनं १३.

"अगं, दोन चौकोन आणि एक बटण, १३ कसले?"

"आणि पासवर्ड विसरला तर?"

"विसरायचा नाही."

"पाच वेळा चुकीचा टाकला तर?"

"का टाकेल पण?"

"ग्रंथपाल सर रजेवर गेले आणि त्यांनी बदली माणसाला आपलाच पासवर्ड सांगितला तर? मग दंड माफ कुणी केला ते कसं कळणार?"

इथं तो मुलगा जरा थांबला. सबंध सेमिस्टरमध्ये त्या वर्गात झालेली ही सगळ्यात मोलाची चर्चा, आणि ती माझ्या एकाही स्लाइडवर नव्हती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तेवढ्यात दोघांनी ५ वर तडजोड करून विषय मिटवला. पत्ते भाव करण्यासाठी नसतात हे सांगेपर्यंत तास संपला.

दर तासाच्या आधी उभ्या उभ्या बैठक घ्यायची, पंधरा मिनिटांच्या वर नाही, हाही नेम आहे. उभं राहिलं की माणसं थोडक्यात बोलतात अशी त्यामागची कल्पना. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न. "काल मी कोड बघितला. आज बघणार आहे. अडचण काही नाही." शेजारचा म्हणतो, "माझंही तसंच." कल्पना शंभर टक्के खरी ठरते. माणसं फारच थोडक्यात बोलतात.

आणि मग तो काळ येतो, जेव्हा कुठल्याही गटाला विचारा, उत्तर एकच.

"सगळं झालंय, मॅडम. फक्त जोडायचं राहिलंय."

या 'फक्त'वर मी आयुष्य काढलंय. चौघांच्या चार लॅपटॉपवर चार भाग असतात, आणि प्रत्येक भाग आपापल्या मालकाच्या लॅपटॉपवर अगदी गुणी असतो. पडदे एकीकडे, डेटाबेस दुसरीकडे, दंडाचा हिशेब तिसरीकडे. चौथ्याचा भाग 'जवळजवळ झालेला' असतो. मुलांच्या हिशेबी हे नव्वद टक्के काम. माझ्या हिशेबी आत्ता कुठं सुरुवात. एकेकट्यानं कोड लिहायला ती माझ्याकडे यायच्या आधीच शिकलेली असतात. त्यासाठी विद्यापीठानं माझी नेमणूक केलेली नाही.

जोडायला गिट आहे, म्हणजे प्रत्येकाच्या कोडमधले बदल नोंदवून एकत्र करणारं साधन. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी असंच जे साधन फुकट वापरायला मिळत होतं ते मिळेनासं झालं, म्हणून लिनक्सचे कर्ते लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये हे स्वतः लिहायला घेतलं आणि काही दिवसांत ते वापरण्याजोगं झालंसुद्धा. जगभरच्या हजारो माणसांनी एकाच कोडवर काम करावं म्हणून ते बनलं. चार जणांनी करावं म्हणून बनलं असतं तर कदाचित वेगळं बनवावं लागलं असतं. दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली तर गिट निवाडा करत नाही. दोन्ही मजकूर समोर ठेवतं, मध्ये खुणा करतं आणि म्हणतं, बसा आणि ठरवा. यातला 'बसा' हा भाग मुलं गाळतात.

"कॉन्फ्लिक्ट सोडवला, मॅडम."

"कसा?"

"तिचा भाग काढून टाकला."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याचा काढला. गिटनं दोन्ही नोंदी इमानेइतबारे ठेवल्या.

एका गटाचं मात्र खरोखर जोडून झालं. डेमोच्या दिवशी ग्रंथपाल पहिल्या रांगेत. मुलांनी ५ मार्चला पुस्तक दिल्याचं दाखवलं, २० मार्चला परत घेतलं आणि दंडाचं बटण दाबलं. पडद्यावर दंड उणे आला, म्हणजे वाचनालयच त्या वाचकाचं देणं लागत होतं. झालं होतं असं, की पुस्तक देण्याचा भाग लिहिणारी मुलगी तारखेत आधी दिवस लिहायची आणि दंडाचा भाग लिहिणारा मुलगा आधी महिना वाचायचा. त्यामुळे ५ मार्च त्याच्याकडे ३ मे म्हणून पोचायचा. परत आल्याची तारीख कॉम्प्युटर आपल्या घड्याळातून घेई, ती बरोबर. पुस्तक न्यायच्या आधीच परत आलेलं! कुठल्याही महिन्याच्या १२ तारखेपर्यंत हे प्रकरण चुकीचं का होईना पण चालायचं. १३ तारखेला मात्र तेरावा महिना शोधताना सगळंच कोसळायचं. दोघांनी आपापला भाग कसून तपासला होता, आणि दोघांचंही बरोबर होतं. ग्रंथपालांनी शांतपणे विचारलं, "हे पैसे मी कुठल्या खात्यातून द्यायचे?"

मुलांना धीर द्यावा म्हणून मी मंगळाची गोष्ट सांगितली. १९९९ च्या सप्टेंबरात नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोचलं आणि हरवलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदात देत होतं, आणि ते घेणाऱ्यांनी न्यूटन-सेकंद धरले होते. दोन्हीकडे हुशार माणसं, दोन्हीकडचं गणित आपापल्या जागी ठीक, आणि मध्ये जोडलेलं यान ठरल्यापेक्षा फार खालून गेलं. वर्ग गंभीर झाला. मला वाटलं, पोचलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मग त्यांना पास केलं का?"

दुसऱ्या एका गटातले दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले होते. कारण मी विचारलं नाही, पण त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ते उघड दिसत होतं. मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ सालीच हे मांडून ठेवलंय, की माणसं आपसात ज्या रीतीनं बोलतात तशीच त्यांनी केलेल्या प्रणालीची रचना होते. या गटाच्या लायब्ररीत सदस्यांच्या दोन याद्या होत्या. एका यादीत नाव असेल तर पुस्तक नेता यायचं, दुसरीत असेल तर परत करता यायचं. दोन्हीकडे नाव असलेला सदस्य एकच, चाचणीपुरता घातलेला, त्याचं नाव 'अबक'. या दोघांमध्ये निरोप पोचवायचं काम सेमिस्टरभर तिसरीकडे होतं. तिनंच शेवटी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जो इकडची नावं तिकडे आणि तिकडची इकडे नेऊन पोचवायचा. गटातला सगळ्यात नेटका कोड तिचा होता. सरावच तसा होता.

शेवटच्या आठवड्यात हमखास एक विनंती येते. "मॅडम, आम्हाला अजून एक मेंबर मिळेल का?" मी फ्रेड ब्रूक्स यांचं नाव घेते. आयबीएमच्या एका प्रचंड सॉफ्टवेअरचं काम सांभाळून झाल्यावर त्यांनी १९७५ साली लिहून ठेवलं, की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. फळ्यावर हिशेबही करून दाखवते. चौघांत बोलायच्या वाटा सहा, पाचवा आला की दहा. "आणि त्या सहांपैकी तुमच्या चालू किती आहेत?" त्यावर चौघं एकमेकांकडे बघतात. तेवढ्यापुरत्या सहाही चालू होतात.

गुण द्यायचे तर कुणी किती काम केलं हे कळायला हवं. गिटमध्ये प्रत्येक बदलाची नोंद असते, आणि नोंद करणाऱ्यानं काय बदललं ते एका ओळीत लिहायचं असतं. मी त्या ओळी वाचत बसते. 'बदल'. 'अजून बदल'. 'आता चालेल'. 'आता तरी'. मग पहाटे कधीतरी, 'प्लीज'. या ओळीनंतर कोड चालला होता, हे मला नमूद करावंसं वाटतं.

कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते सांगणारा एक आदेशही गिटमध्ये आहे, त्याचं नावच 'ब्लेम'. हे मी वर्गात शिकवलं त्याच रात्री एका पठ्ठ्यानं सबंध प्रोजेक्टमधल्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचा टॅब काढून त्या जागी मोकळ्या जागा घातल्या. सकाळी सगळा कोड त्याच्या नावावर. एका अक्षराचीही भर न घालता इतका मोठा लेखक झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

म्हणून मग चिठ्ठ्या. प्रत्येकानं गुप्तपणे लिहायचं, मी किती टक्के काम केलं. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोघांनी १९७९ साली दाखवून दिलं होतं, की जोडीनं केलेल्या कामात माणूस आपला वाटा फुगवून सांगतो, आणि तेही लबाडीनं नव्हे. स्वतःचे कष्ट आठवतात, दुसऱ्याचे आठवायला ते दिसलेले असावे लागतात. आमच्या चिठ्ठ्यांची बेरीज शंभराच्या आत कधीच राहत नाही. फोन नंबरावरून ओळखल्या जाणाऱ्या एका मुलानं स्वतःला ३० टक्के दिले होते. मी बोलावून विचारलं, नक्की काय केलंस? तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, मी कुणाला अडवलं नाही." बाकीच्या तिघांचा इतिहास बघता ही कामगिरी तशी लहान नव्हती.

या सगळ्याचं मूळ दुखणं एकच आहे, असं माझं मत. कॉलेजच्या प्रोजेक्टला उद्या नसतो. तो डेमोत दहा मिनिटं चालतो आणि त्याच संध्याकाळी मरतो. जो कोड उद्या कुणी उघडणारच नाही, तो नीट कशाला लिहायचा? मुलांचा हा युक्तिवाद बिनतोड आहे, म्हणून मी युक्तिवाद करणं सोडलं आणि पहिल्या डेमोनंतर गटागटांत कोडची अदलाबदल सुरू केली. आपला प्रोजेक्ट पुढच्या गटाला द्यायचा, मागच्या गटाचा घ्यायचा, आणि त्यात एक नवी सोय करून दाखवायची.

गहजब झाला. इतक्या तक्रारी मी प्रश्नपत्रिका फुटल्याच्या अफवेच्या वेळीही ऐकल्या नव्हत्या. "यांनी काहीच लिहून ठेवलेलं नाही!" "टेम्प, टेम्प१, टेम्प_नवा, यातला खरा कुठला?" "फंक्शनचं नाव 'करून_टाक' आहे, मॅडम, पण ते काय करून टाकतं?" एका फाइलमध्ये टीप सापडली, 'याला हात लावू नका, हे का चालतं माहीत नाही.' घेणाऱ्या गटानं तिचा मान राखला. सगळं घर नव्यानं बांधलं, पण त्या फंक्शनला वळसा घालून. तक्रारीचे अर्ज मी जपून ठेवलेत, कारण त्यात माझ्या तासातली वाक्यं आहेत, शब्दशः. ज्या मुलांनी ती ऐकताना जांभया दिल्या होत्या, त्यांनीच ती मला संतापानं समजावून सांगितली.

पुढच्या अदलाबदलीला कोडमध्ये भरपूर टिपा होत्या. स्वच्छ, सविस्तर, पायरीपायरीनं. फक्त त्यांची सुरुवात 'हे वाचणाऱ्या मूर्खा, आधी डेटाबेस चालू कर' अशी होती. डॉक्युमेंटेशनचा सूर कसा असावा यावर अभ्यासक्रम गप्प आहे, तेव्हा मी गुण कापले नाहीत.

व्हायवा झाली, गुण भरून झाले, मुलं सुटली. आणि एका सकाळी ग्रंथपाल माझ्या खोलीच्या दारात उभे.

"मॅडम, ते चालू कधी करताय?"

"कुठलं?"

"ते, दोन याद्यांचं. नेणाऱ्यांची वेगळी, परत करणाऱ्यांची वेगळी. अहो, पुस्तक नेतो एक आणि आणून देतो भलताच. मित्र, धाकटी बहीण, हॉस्टेलचा रूममेट. इतक्या वर्षांत हे ओळखणारा हा पहिलाच गट. फार विचार केलाय पोरांनी."

मी त्या पोरांना बोलावलं. तिघंच आली. चौथ्याचा फोन लागत नव्हता. ग्रंथपालांना त्यांचं सॉफ्टवेअर खरोखर वापरायचंय, हे कळल्यावर नापास झाल्यासारखे चेहरे झाले.

"खरंच वापरणार? म्हणजे... रोज?"

"रोज."

"मग थोडं बदलावं लागेल, मॅडम."

"किती?"

"सगळं."

"किती दिवस लागतील?"

माझ्या तोंडून प्रश्न गेला आणि मी 'दोन दिवस'ची वाट बघत राहिले. कुणीच बोललं नाही. मग ती निरोप पोचवणारी मुलगी म्हणाली, "आधी त्यांना विचारून येतो," आणि तिघंही वही घेऊन लायब्ररीत गेली. मध्यंतरी मी सहज त्या बाजूला डोकावले. लांब टेबलाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला तो दुसरा, मधोमध ती, आणि पलीकडे ग्रंथपाल रजिस्टरांच्या ढिगाआड आनंदात. संध्याकाळी तिघं परत आली. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोघांतला एक पुढं झाला. चेहरा गोंधळलेला.

"मॅडम, त्यांच्याकडे एक पुस्तक आहे. रजिस्टरप्रमाणे ते कधी विकत घेतलेलंच नाही. पण तीनदा परत आलंय."

"बरं, मग?"

दुसरा पहिल्याच्या खांद्यावरून म्हणाला, "मग याच्या यादीत टाकायचं की माझ्या?"